तांबडी शाई

धाकटीचे दुखणे लांबले आणि वर्षभर तिला शाळेत पाठवू नका, असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हा ती तिसरीत होती. घरीच शिकवायचे ठरले. आम्ही उभयतां शिकलेसवरलेले. हे काम आपणांस सहज जमेल, अशी आमची समजूत होती. ती खोटी होती हे कळायला चार महिने लागले.

पहिल्याच दिवशी आम्ही घरात शाळा मांडली. सकाळी नऊला वही-पेन्सिल, रोज एक पान शुद्धलेखन आणि संध्याकाळी तांबड्या शाईने तपासणी. आमच्या घरात सामवेदी बोली बोलतात. वसईत तिला कादोडी म्हणतात. लेकीच्या तोंडून कादोडी शब्द आला, की 'असे नाही, शुद्ध बोल' म्हणून आम्ही तिला अडवीत असू. चूक दाखवली की मूल सुधारते, एवढेच आम्हांला ठाऊक! दिवसभर बडबडणारी पोर हळूहळू आमच्यासमोर मुकी झाली. एके दिवशी कपाटामागे दडवलेली तिची वही सापडली. तीत तिच्या अक्षरांपेक्षा आमची तांबडी शाईच अधिक होती. त्या रात्री आम्हां दोघांनाही झोप लागली नाही.

वाट दाखवली ती आजीने. तिची स्वतःची शाळा दुसरीत सुटलेली. दुपारी ओटीवर बसून ती नातीला विचारी, "कालच्या त्या कोल्ह्याचं पुढे काय झालं गं?" आणि आमची मुकी लेक अख्खी गोष्ट कादोडीत सांगे. दाराआडून आम्ही ऐकले. आधी काय घडले, मग काय, कशामुळे, सारे ओळीने जागच्या जागी! भाषा तिच्यापाशी होतीच. आम्हीच तिच्या दाराला कडी घालून बसलो होतो.

इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी हीच रीत सांगितली आहे: मुलाला एकदाच वाचून दाखवावे आणि त्याने ते स्वतःच्या शब्दांत सांगावे. आजीला हे नाव माहीत असण्याचे कारण नाही. शिवाय इतक्या दूर तरी कशाला जावे? आज आमच्याच पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डीला ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बालशिक्षणाचे काम आरंभले. पुढे त्यांनी व अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल असेल तिथे शाळा गेली. आम्ही मात्र घरातल्या घरात मुलालाच शाळेकडे ओढत होतो.

वेळापत्रक गेले. रात्री जेवणानंतर आम्ही पुस्तकातले एखादे पान मोठ्याने वाचू लागलो. दुसऱ्या दिवशी ती ते जमेल त्या भाषेत सांगे आणि आम्ही ते तिच्याच शब्दांत उतरवून घेत असू. तोच तिचा वाचनाचा धडा. आपण बोललेले आपणच वाचायचे, म्हणून ती अडखळली तरी कंटाळत नसे. कादोडी शब्दाशेजारी पुस्तकी शब्द लिहिण्याचा नाद तिला आपसूक लागला.

लिहिण्यासाठी मात्र वाचणारे माणूस लागते. ते कुवेतला निघाले. आत्याने पत्रात विचारले, "यंदा बावखलात पाणी किती आहे?" उत्तर देण्यासाठी लेक बाबांचा हात धरून काठावर गेली, पायऱ्या मोजून आली आणि तीन ओळींऐवजी दीड पान लिहून बसली. आम्ही आठवड्याला एकच चूक दाखवायची, असा नियम केला. ऱ्हस्वदीर्घाचा घोळ अजून आहे. खरे सांगायचे तर तो आमचाही आहे.

बोलण्याची भीड शेवटपर्यंत पुरती गेली नाही. पाहुणे आले की ती अजूनही आजीच्या पदराआड उभी राहते.

पुढल्या जूनमध्ये ती शाळेत परतली. पहिल्याच आठवड्यात निबंधाची वही तपासून घरी आली. तांबडी शाई होतीच. आम्ही दोघे गप्प झालो. आजीने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "ते राहू दे. तू काय लिहिलंस, ते वाच बघू."