दामाशेटींचे घर

जनाबाईंचे चरित्र बहुतेक प्रस्तावनांत एका वाक्यात उरकलेले असते: गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि तिथेच वाढली. आम्हांला ते वाक्य अलीकडे फार मोठे वाटू लागले आहे. त्या घराने पोर सांभाळले हे खरे. पण तिथे तिची ओळख ‘दासी’ अशीच राहिली, हेही खरे. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, याचे कारण केवळ भक्तीत शोधणे अपुरे आहे. त्या जात्यापाशी दुसरे कोणी बसत नसावे.

आळंदीच्या चार भावंडांची कथा याहून कठोर. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तरी ‘संन्याशाची पोरे’ हा शिक्का पुसला गेला नाही. परंपरा सांगते की शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठण गाठावे लागले. पोरक्या मुलाकडे समाज आधी कागद मागतो. (हे लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर केवळ तेरावे शतक नाही.)

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण ठेवले. निर्णय मोलाचाच. परंतु त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. संस्थेत वाढलेल्या मुलाची निदान नोंदवहीत नोंद असते; काकाच्या किंवा आजीच्या घरी वाढलेल्याची कुठे असणार? आमच्या वर्गातली पोरकी मुले बहुतेक या दुसऱ्या प्रकारची. प्रवेशअर्जातल्या ‘पालकाची सही’ या रकान्यापाशी ती थांबतात, तेव्हा आम्हांला कळते.

संस्था नकोत, असे आमचे म्हणणे नाही. त्याच पंढरपुरात १८७५ साली टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम निघाला, तो निघाला नसता तर ती मुले जगलीच नसती. तरीही आमचा कल बालसंगोपन योजनेकडे आहे. मूल कुटुंबातच वाढावे म्हणून सांभाळणाऱ्या घराला दरमहा साहाय्य मिळते. २०२३ मध्ये ते १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झाले. सत्तरीच्या आजीला ही रक्कम लहान नाही. पण मृत्यूचा दाखला कोण काढणार, अर्ज कोण लिहिणार, तिला जिल्ह्याच्या गावी कोण नेणार? योजना आणि आजीचा उंबरठा यांमधली वाट शेजाऱ्याने, अंगणवाडीताईने, मास्तरांनी चालायची असते. जिथे ती कोणी चालत नाही, तिथली मुले आमच्यापर्यंत पोचतच नाहीत. ती दहावीच्या आतच ऊसतोडीला गेलेली असतात, मुली बोहल्यावर.

आणि जी पोचतात त्यांना दिवाळीची सुटी गाठते. वसतिगृहाला कुलूप लागते. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने कुठे जावे, हा प्रश्न विभागाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर नसताना आला. एका सहकाऱ्याच्या आईने तिला घरी नेले. चौथ्या दिवशी मुलीने भांडी घासण्याचा हट्ट धरला. फुकट राहणे तिला जड जात होते. आजींनी तिला अडवले नाही, शेजारी पाट ओढून त्याही घासायला बसल्या. यंदा अशा मुली तीन आहेत, आणि घर अजून एकाच सहकाऱ्याने देऊ केले आहे.