चॉक फार्मची लिफ्ट

लंडनमध्ये राहायचं ठिकाण विचारलं की लोक रस्ता सांगत नाहीत, स्टेशन सांगतात. माझं स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाइनवर कॅमडेन टाउनच्या पुढचं. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना मी बजावून ठेवते की कॅमडेनला ही लाइन फुटते, तेव्हा एजवेअरकडे जाणारीच गाडी घ्या. तरी कुणी ना कुणी हाय बार्नेटच्या गाडीत चढतंच आणि मग केंटिश टाउनहून फोन येतो.

आलेल्यांची थोडी निराशा होते. भुयारी रेल्वे म्हणजे पाताळात जाणारे सरकते जिने, असं चित्र डोक्यात असतं. इथे सरकता जिना नाहीच. लिफ्ट आहे, पण लंडनच्या जुन्या खोल स्टेशनांत सर्वांत आखूड. दार मिटतं न मिटतं तोच उघडतं. पुढे दोनच स्टेशनांवर हॅम्पस्टेड आहे. तिथला फलाट जमिनीखाली 58 मीटरवर, आणि लिफ्ट बंद पडली तर तीनशेवर पायऱ्यांचा गोल जिना. याचं कारण साधं आहे. वरची जमीन टेकडीबरोबर चढत जाते, खालचा बोगदा तितका चढत नाही.

खोली नाही, पण चॉक फार्मकडे दर्शनी भिंत आहे. अ‍ॅडलेड रोड आणि हॅवरस्टॉक हिल मिळतात त्या निमुळत्या कोपऱ्यावर ती लांबच लांब पसरली आहे. गडद लाल चकचकीत फरशा, वर अर्धगोल खिडक्यांची ओळ. वास्तुकार लेस्ली ग्रीन. 1903 पासून चारेक वर्षांत त्याने अशी पन्नासेक स्टेशनं आखली. सांगाडा पोलादी आणि छत सपाट ठेवलं, म्हणजे पुढे वर कचेऱ्यांचे मजले चढवता येतील. इथे कुणी ते चढवले नाहीत, हे माझ्या मते बरंच झालं. 22 जून 1907 रोजी स्टेशन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ग्रीन वारला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. या रेल्वेसाठी भांडवल उभं करणारा अमेरिकन चार्ल्स यर्कीस तर त्याआधीच, 1905 मध्ये गेला होता.

एप्रिलमध्ये, आंबेडकर जयंतीच्या सुमारास, या लिफ्टमध्ये मराठी हमखास कानावर पडते. बाहेर पडून रुळांवरचा पूल ओलांडला की पलीकडे किंग हेन्रीज रोड. तिथल्या 10 नंबरच्या घरात 1921–22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर राहिले. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं. गेल्या वर्षी नागपूरकडचं एक कुटुंब भेटलं. "जय भीम" झालं, मी पुलापर्यंत सोबत गेले. आजीबाईंनी मागे वळून लाल भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबासाहेब इथूनच चढत असतील का हो गाडीत?"

मी म्हटलं, स्टेशन तेव्हाही होतं आणि भिंतही हीच. पण विद्यार्थ्याच्या ओढगस्तीत रोजचं तिकीट परवडत होतं की नाही, कोण जाणे.

"मग चालतच गेले असतील," आजीबाईंनी निकाल दिला. नातू तोवर फोनवर अंतर मोजू लागला होता.

पुलावर थांबल्यावर मी त्यांना घराच्या वादाची हकीकत सांगितली. वस्ती राहत्या घरांची, म्हणून तिथे संग्रहालय चालवायला कॅमडेन कौन्सिलने परवानगी नाकारली होती. काही शेजाऱ्यांची तक्रार होती की पाहुण्यांच्या गर्दीने शांतता मोडते. प्रकरण अपिलात गेलं आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारकडून परवानगी मिळाली. त्याच महिन्यात टाळेबंदी लागली, त्यामुळे पाहुणे येण्याचा प्रश्नच उरला नाही. हे सांगत असतानाच खालून यूस्टनची एक्सप्रेस धडधडत गेली. पूल हादरला, माझं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही.

आजीबाईंनी गाडी जाऊ दिली आणि म्हणाल्या, "अन् यांना आमचा आवाज होतो?"