दादा, क्रॅक आहे का?

शनिवारी सकाळी दहाला (म्हणजे माझ्या पहाटे) महाडहून चुलतभावाचा फोन. "दादा, मॅटलॅबचा क्रॅक आहे का तुझ्याकडे?" ना हॅलो, ना कसा आहेस. पठ्ठ्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सोमवारी सबमिशन.

नाही म्हटल्यावर त्याला धक्काच बसला. आयटीत नोकरी करतो आणि साधा क्रॅक नाही!

खरं तर मॅटलॅबवरच माझं पोट चालतं. पुण्यात गाड्यांच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बनवतो. सिम्युलिंकमध्ये चौकोन मांडायचे, रेघा जोडायच्या, मॉडेल चालवून बघायचं आणि त्यातूनच सी कोड काढायचा. अडलं तर हेल्प उघडायची. इतकी नीट लिहिलेली हेल्प फुकटातल्या कुठल्याही पॅकेजला मी तरी पाहिलेली नाही. तरीही नाही उमगलं, तर ज्याला जाब विचारता येईल असं कुणीतरी असतं. कंपनी पैसे मोजते ते यासाठी, आणि माझ्या मते योग्यच मोजते.

गंमत म्हणजे हे प्रकरण सुरू झालं ते विद्यार्थ्यांसाठीच. क्लीव्ह मोलर न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवायचे. पोरांना फोरट्रान न लिहिता मॅट्रिक्सची गणितं करता यावीत म्हणून १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी पहिलं मॅटलॅब लिहिलं. त्याची कंपनी झाली १९८४ साली. आता विद्यार्थी क्रॅक शोधतायत. असो.

क्रॅकवरून मला माझाच प्रोजेक्ट आठवला. विषय होता सावित्रीचा पूर. सिम्युलिंकमध्ये तीन टाक्या : महाबळेश्वर, पोलादपूर, महाड. वर पाऊस ओतायचा आणि किती तासांनी महाडची टाकी भरते ते बघायचं. खाली बाणकोटची खाडी, म्हणजे भरती-ओहोटी. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी घरी. लायसन्स कॉलेजच्या नेटवर्कवर, मी महाडात, कॉलेजला कुलूप. भरतीचा भाग नुकताच जोडला होता, तो एकदाही चालवून बघता आला नाही. जुनेच ग्राफ चिकटवून रिपोर्ट दिला, ऑनलाइन व्हायवा झाली, पास झालो.

पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, खरा पूर आला. आमच्या घरात छातीच्या वर पाणी होतं. रिपोर्टची माझी प्रत खालच्या कपाटात होती. चिखलातून काढली तेव्हा पानं सुटी होत नव्हती. त्याच पावसात तळियेला डोंगर कोसळला. त्यापुढे प्रोजेक्टच्या प्रतीचं काय घेऊन बसायचं.

पण मॉडेलची फाइल मेलमध्ये सुखरूप होती. फक्त उघडता येत नव्हती! ऑफिसचं लायसन्स घरच्या कामाला वापरायचं नाही, आणि हौसेखातर विकत घेण्याइतका मी शौकीन नाही. माझंच मॉडेल, माझ्याच गावच्या नदीचं, आणि किल्ली दुसऱ्याकडे.

ही किल्ली मोठमोठ्यांचीही अडते. २०२० मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे चीनमधल्या हार्बिनच्या तंत्रविद्यापीठाचं मॅटलॅब बंद झालं. शिवाय आत काय चाललंय ते दिसत नाही. तीन स्पॅनिश गणितज्ञांना मॅथेमॅटिका मोठमोठ्या पूर्णांकांच्या डिटरमिनंटची चुकीची उत्तरं देत होती, तीही एकाच गणिताची दर वेळी वेगळी. ते त्यांनी २०१४ मध्ये छापून सांगितलं. चूक नेमकी कुठे, ते त्यांना शोधता येईना. आत बघायची सोयच नाही.

मी भावाला म्हटलं, ऑक्टेव्ह टाक. (नावाचा संगीताशी संबंध नाही. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या केमिकलच्या सरांचं नाव ऑक्टेव्ह :-)) तुझी असाइनमेंट बहुतेक जशीच्या तशी चालेल. सायलॅबही आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात देशभरच्या विद्यार्थ्यांनी शेकडो पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहून ठेवलीयत.

"पण इंटरव्ह्यूला मॅटलॅबच विचारतात ना?"

विचारतात. मलाही विचारलं होतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिम्युलिंकचे चौकोन ऑक्टेव्हमध्ये चालत नाहीत, हेही त्याला सांगून टाकलं.

फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. आमच्याकडच्या एका सिनिअरने कधीतरी सांगितलं होतं की नव्या सिम्युलिंकची फाइल म्हणजे खरं तर झिप असते. शेवटची तीन अक्षरं बदलली, अनझिप केली. आत एक्सएमएल! माझे चौकोन एकेक करून अक्षरांत पडलेले. दुपारभर बसून आकडे वहीत उतरवले आणि ऑक्टेव्हमध्ये टाक्या पुन्हा लिहिल्या. ऐंशी-नव्वद ओळी झाल्या असतील.

चालवलं तर भरती आली की महाडची टाकी झपाझप रिकामी होतेय.

परत एक्सएमएल बघितलं. बेरजेच्या चौकोनात "++". तिथे "+-" हवं होतं. भरतीचं पाणी नदीला मागे रेटतं, हे महाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चूक सॉफ्टवेअरची नव्हती, शंभर टक्के माझी. एकदा चालवायला मिळालं असतं तर त्याच दिवशी सापडली असती. व्हायवाला कुणीच विचारलं नाही.

चिन्ह बदललं आणि फाइल भावाला पाठवली. संध्याकाळी त्याचा मेसेज : "दादा, चालली. पोलादपूरला पाऊस किती टाकू?"