हलकं लोखंड

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना वस्त्या लागतात आणि पत्र्याच्या छपरांवर दगड ठेवलेले दिसतात. कुठे जुने टायर, कुठे फुटकं जातं, कुठे वाळूचं पोतं. वैशाखात वळवाचं वारं सुटलं की पत्रा उचलतो, म्हणून ही तजवीज. पोलादी बांधकाम शिकवणं हा माझा पेशा. वारा छपराला दाबतो त्यापेक्षा वर ओढतो जास्त, हे पोरांना पहिल्या दिवशी पटत नाही. छपरावरून धावणारा वारा वरचा दाब कमी करतो, उघड्या दारातून शिरलेला वारा आतून रेटतो, आणि चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो भरणारा पत्रा या दोघांच्या कचाट्यात सापडतो. दगड ठेवणाऱ्यांनी हे गणित कधी मांडलेलं नसतं, तरी त्यांचं उत्तर चुकलेलं नाही. फक्त ते जिवावरचं उत्तर आहे. पत्रा सुटला की दगडही सुटतो, आणि खाली माणसं झोपलेली असतात.

या पत्र्यांच्या आधी इथे माळवदं होती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडाचा कडीपाट आणि त्यावर पांढरी माती. पावसाळ्याच्या तोंडावर नवा थर चढायचा, जुना तसाच राहायचा. एक फूट जाडीची माती चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या आसपास भरते. मे महिन्यात सोलापूरचं ऊन बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातं, तेव्हा हाच अर्धा टन घर गार ठेवतो. माळवदाखाली घालवलेल्या दुपारी ज्यांना आठवतात त्यांना त्या गारव्याची सर दुसऱ्या कशाला येत नाही, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे.

पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, किल्लारीची जमीन हलली. गणपतींचं विसर्जन करून गावं उशिरा निजलेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली. जगाच्या हिशोबात तो मध्यम भूकंप होता. भूकंपाचं बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतं. घर जितकं जड तितका त्याला बसणारा हिसका मोठा. त्या दोन जिल्ह्यांतली माणसं भूकंपाने जितकी गेली त्याहून जास्त वजनाने गेली, असं मी आजही वर्गात सांगते. देशाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या भूकंपपट्ट्यात दाखवलेला होता. पुढे नकाशाच बदलावा लागला.

सोलापुरातही त्या पहाटे भांडी वाजली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. नंतरच्या महिन्यांत आमच्या भागात घर बांधणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे: वर काय टाकू? माळवदाचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. स्लॅब परवडणारा थोड्यांना. बाकीच्यांनी पत्रा घातला. अर्ध्या टनाच्या जागी पाच किलो आले, आणि घरं उन्हाला आणि वाऱ्याला उघडी पडली. भूकंपात जीव घेणार नाही इतकं हलकं आणि वळवात जागा सोडणार नाही इतकं पक्कं छप्पर गरिबाला कसं द्यायचं, या प्रश्नापाशी मी तेव्हा थांबले ती थांबलेच. पुढची नोकरी, पीएच.डी., प्रयोगशाळेतले उन्हाळे, सगळं त्याच्याच पाठीमागे गेलं.

हलकेपणाची गोडी मात्र त्याही आधीची, कुर्डुवाडीची. वडील, म्हणजे आमचे अण्णा, तिथल्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते, नॅरोगेजच्या कामावर. लोक त्या गाडीला बार्शी लाइट म्हणत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती आखली आणि १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी धावती केली. अण्णा त्यांचं नाव कॅलथ्रॉपसाहेब असं घेत, जणू ते कालपर्यंत शॉपात फेरी मारून जात होते. साहेबांनी एक अट धरली होती: इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. या एका अटीतून बाकीचं सगळं निघालं. रूळ मीटरला पंधरा किलोच्या आसपासचे पुरले. आज मुख्य मार्गांवर साठ किलोचे असतात. पूल हलके झाले, भराव लहान झाले, आणि रुळांत अडीच फूट अंतर असलेली ती गाडी मोठ्या गाडीला परवडली नसती अशा मुलखात शिरली. डब्यांचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे केले. पत्रा दुमडला की त्याला ताठपणा येतो, जाडी वाढवावी लागत नाही. डब्याचं स्वतःचं ओझं उतरलं तेवढा माल वाढला. शिवाय त्यांनी सांगाड्याचं माप शक्यतो एकच ठेवलं, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला चालावा.

१९०६ मध्ये ही गाडी पंढरपुरापर्यंत गेली. आषाढीला तिच्या डब्यांवर, टपांवर, पायऱ्यांवर वारकरी असत. पाच टनांच्या हिशोबात ती माणसं कुठे बसवली होती, हे अण्णांना विचारलं तर ते हात जोडून वर बघत. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी घरचा धंदा सोडून लक्ष्मणराव फाटकांबरोबर रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली, तीही बार्शी लाइटच्याच कामापासून. पुढे जहाजं, विमानं, मोटारी अशा मोठमोठ्या लोखंडाला हात घालणाऱ्या या माणसाने पहिलं लोखंड हाताळलं ते इतकं हलकं, याचा मला आनंद वाटतो. त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज सांगलीत आहे, आणि सोलापुरात १९८३ पासून वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. कॅलथ्रॉपसाहेबांची पुढची गोष्ट अण्णांना ठाऊक नव्हती, मी ती वाचून त्यांना सांगितली. रोल्स-रॉइसमधले चार्ल्स रोल्स हे साहेबांचे मित्र. १९१० साली रोल्स विमान कोसळून गेले. त्यानंतर साहेब पॅराशूटच्या मागे लागले, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांचं ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट तयार झालं. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग बरोबर आहे. त्यांना ओझं कमी करायचंच वेड होतं.”

मी पीएच.डी.ला पातळ पोलाद घेतलं: दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा थंड अवस्थेतच दुमडून केलेले सी आणि झेड आकाराचे तुकडे. छपराच्या कैच्यांवर आडवे टाकतात ते हेच. जाड गर्डरचं वागणं समजायला सोपं असतं, पातळ पत्र्याचं तसं नसतं. त्याची ताकद संपायच्या कितीतरी आधी तो आकार सोडतो. दाबाखाली त्याच्या अंगावर आधी बारीक लाटा उठतात, मग एक लाट बाकीच्यांना गिळून मोठी होते आणि तुकडा बसतो. सडपातळ खांब चिरडून मोडत नाही, वाकून मोडतो, याचं गणित ऑयलरने अठराव्या शतकात मांडून ठेवलं. तरीही १९०७ साली कॅनडात क्विबेकचा पूल बांधता बांधता दाबाच्या भागांनी दगा दिला आणि ७५ कामगार नदीत गेले. हलकेपणाचा विषय शिकवायला घेतला की मी क्विबेकपासून सुरुवात करते. कमी लोखंडात भागवायचं ही आपली इच्छा असते. लोखंड कुठे थांबवतं, ते त्यालाच विचारावं लागतं.

विचारण्याची पद्धत संथ आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुकडे दुमडून घ्यायचे, प्रयोगशाळेत आणून मापायचे, डायल गेज लावायचे आणि भार टप्प्याटप्प्याने चढवायचा. प्रत्येक टप्प्याला काटा किती सरकला ते एकाने मोठ्यांदा वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली घाम गाळत केलेल्या या नोंदींतून वर्षाकाठी एखादी ओळ मिळते: अमुक आकाराला अमुक ठिकाणी एक दुमड जास्त दिली तर तेवढंच लोखंड इतका जास्त भार घेतं. बाहेरच्याला यात बघण्यासारखं काही नसतं. पूल बांधणाऱ्याला पूल दाखवता येतो. न लागलेलं पोलाद कुणाला दाखवणार? माझ्या कामाचं चीज झालं तर ते कुठल्या तरी छपरात नसलेल्या किलोंमध्ये असेल. मला ते पुरतं.

या किलोंना आता आणखी एक अर्थ आला आहे. एक टन पोलाद तयार होताना जगात सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारतात अडीच टनांच्या आसपास, कारण आपलं पोलाद प्रामुख्याने कोळशावर बनतं. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने हरित पोलादाची व्याख्या केली. टनामागे २.२ टनांच्या आत उत्सर्जन असेल तरच ते नाव. व्याख्या झाली हे चांगलंच झालं. जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवून सळई काढतात, त्यात खनिज आणि कोक लागत नाही, पण वीज लागते. वीज कुठून येते हे सोलापूरकराला सांगायला नको. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र कोळशावर चालतं आणि उजनीचं पाणी पितं. म्हणून मला वाटू लागलं, वितळवण्याच्या आधी एक पायरी आहे, ती आपण गाळतो. लोखंड जसं आहे तसंच पुन्हा वापरायचं. आमच्या बायका जुनं लुगडं पिंजायला देत नाहीत, त्याची वाकळ शिवतात.

सोलापुरातली जुनी मिल १८७७ ची. तिच्यामागून उभ्या राहिलेल्या गिरण्याही एकामागोमाग बंद पडल्या. गिरण्यांची ती दातेरी छपरं, उत्तरेच्या काचांतून सुतावर पडणारा सारखा उजेड, आणि तो उजेड उचलून धरणाऱ्या कैच्या. या हवेत गंज हळू चढतो. समुद्रकाठी वीस वर्षांत गंजून संपेल तो अँगल इथे दोन पिढ्या सहज काढतो. तरीही शेड पाडली की गॅस कटर चालतो, कैचीचे हातभर तुकडे होतात आणि किलोवर भंगारात जातात. असं होताना बघवत नाही मला.

पुनर्वापराच्या आड काय येतं, ते शोधताना माझ्या हलकेपणाचीही कसोटी लागली. आजच्या तयार शेडमध्ये खांब वरखाली निमुळता करतात, जिथे ताण कमी तिथे पत्रा पातळ करतात. कंपन्यांची चढाओढ चौरस मीटरला किती किलो यावर चालते आणि माझ्या हाताखालून गेलेली मुलं पुण्यात तीच आकडेमोड करून पोट भरतात. त्या खांबातला किलो न् किलो कामाला लागलेला असतो, आणि नेमका म्हणूनच तो दुसऱ्या कुठल्याही इमारतीला बसत नाही. सरळ, एका मापाचा, थोडा जास्तीचा गर्डर पन्नास वर्षांनी दुसऱ्या शेडला उभा राहू शकतो. मग पृथ्वीवर कुणाचा भार कमी? एका इमारतीपुरतं बघाल तर पहिल्याचा, शंभर वर्षं बघाल तर दुसऱ्याचा. आसावर पाच टनांचा हट्ट आणि सांगाड्याला एकच माप, या दोन्ही गोष्टी एका माणसाने एकाच गाडीत घातल्या होत्या हे मला त्यामुळे फार मोलाचं वाटतं. आता मी मुलांना दोन्ही हिशोब मांडायला लावते. किती किलो, आणि किती जन्म.

दुसरी अडचण कागदाची. जुन्या अँगलला जन्मदाखला नसतो. त्याची ताकद किती, वेल्डिंग मानवेल का, हे तुकडा कापून ताणून बघितल्याशिवाय कळत नाही आणि प्रत्येक तुकडा कापत बसलं तर वापरायचं काय? म्हणून गेली काही वर्षं आम्ही पाडलेल्या गोदामांच्या कैच्या मिळतील तशा गोळा करतो, गंजाने किती जाडी गेली ते मोजतो, एकसारख्या लोखंडातून मोजकेच नमुने काढतो. आणि नवं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरांना दोन विनंत्या करतो: जोड वेल्डचे न करता बोल्टचे करा, आणि प्रत्येक तुकड्यावर ग्रेड आणि साल पंचाने ठोका. एमआयडीसीतले एक जण म्हणाले, “मॅडम, पन्नास वर्षांनी हे वाचायला कोण येणार?” त्यांच्याच शेडच्या कोपऱ्यात माझी एक विद्यार्थिनी तेव्हा जुन्या गर्डरवरचा रेड ऑक्साइड तारेच्या ब्रशने घासून खाली रोलिंग मिलची अक्षरं सापडतात का बघत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा सांगितला. पंच त्यांनी अजून हातात घेतलेला नाही. परवा मात्र फोन आला, मोहोळकडे एका डाळमिलची शेड धरली आहे, बोल्टचे जोड केले तर वजन किती वाढेल? वाढेल, म्हटलं, पण थोडं. ड्रॉइंगं पाठवा. ती आली आहेत, आणि या आठवड्यात मी जोड काढायला बसले आहे.