शेजारचा श्वास
रामदासपेठेत मामांकडे शिकायला राहिलो, तेव्हा पहाटेच्या योगवर्गाला त्यांनीच नेलं. शिकवणारे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचे. १९५१ साली सुरू झालेलं रामनगरातलं हे मंडळ योग फुकट शिकवतं. गुरुजी आसनाआधी म्हणत, "हात पसरून पाहा, शेजारच्याला लागते का?" आमच्या गावी पंगतीत न सांगताच सरकतात, ते वेगळं. पण शवासनात पडल्या पडल्या शेजारच्या काकांचा श्वास मला ओळखू येऊ लागला. एका सकाळी तो अडखळत होता. वर्ग सुटल्यावर विचारलं. काकू पेठेतल्याच दवाखान्यात भरती होत्या. घरी दुसरं कुणी नव्हतं.

मामींना सांगितलं. "एक डबा जास्तीचा भरते, त्यात काय होते बावा!"

महिनाभर वर्गानंतर तो डबा मीच पोचवला. काकूंना ज्वारीची भाकर आवडायची.