तुमची झाली का?

सासर साताऱ्याचे आणि माहेर सांगलीचे, म्हणजे पहिल्या बाळंतपणात नवऱ्याला सुट्टीच! सातव्या महिन्यात ओटी भरून बायकोला सांगलीला पोचवले. दवाखान्यात गेलो तो केवळ पिशवी धरायला.

तिथे समुपदेशक बाईंना तिने एच.आय.व्ही. चाचणीचा साताऱ्याचा कागद दाखवला. बाई माझ्याकडे वळल्या. “तुमची झाली का?”

“बाळंत ती होणार की!” मी हसलो.

बाई हसल्या नाहीत. “आज कागद चांगला असला, तरी उद्या नवऱ्याकडून लागण होऊ शकते. औषधाविना १०० पैकी १५ ते ४५ बाळांना ती जाते. वेळेवर गोळ्या घेतल्या तर ५ हूनही कमी. शिवाय आधी तपासते ती बाई, म्हणून बोलही तिलाच.”

लग्नाआधीची ट्रकवरची वर्षे आठवली. हात गार पडले. बायको काही बोलली नाही; तिने माझ्या हातातली पिशवी तेवढी घेतली. मी दंड पुढे केला.

निकाल सांगणार नाही. तो आपल्यापाशी ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला आहे. मात्र त्या संध्याकाळी साताऱ्याची एस.टी. मी सोडली आणि सासुरवाडीलाच राहिलो.