गाडीची मागची बाजू

जुनी मोटार पाहायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडायला सांगतो. इंजिन केवढे, पळते किती, एवढे कळले की त्याचे समाधान होते. खाली वाकून मागच्या चाकांच्या मधोमध बसलेला भोपळ्याएवढा लोखंडी गोळा पाहणारा हजारात एखादाच. आमच्याकडचे मिस्त्री त्याला 'डिफ्रेन्शल' म्हणतात. मी भाषेचा एम. ए.; या गोळ्याशी माझी ओळख होण्याचे काही कारण नव्हते. ती करून दिली माझ्या पुतण्याने, आणि तीही कॅलिफोर्नियात.

पुतण्या तिथे नोकरीला आहे. त्याने १९७२ सालची डॅटसन २४०-झेड ही जपानी मोटार घेतली आहे. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, निपाणीकडे ऊस करतात. "पोरगं सगळा पगार त्या डबड्यात घालतंय. तीन दिवाळ्या झाल्या, घराकडं फिरकलं नाही. जातोयस तर चार शब्द सांगून ये," असे त्यांनी मला बजावले होते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेलो तो असे वकीलपत्र घेऊन.

गाडी घोड्यांवर चढवलेली होती. मूळचे २३९३ सीसीचे इंजिन काढून पुतण्याने त्याच घराण्यातले, १९८१ पासूनच्या टर्बो गाडीवरचे २७५३ सीसीचे इंजिन बसवले होते. ते उत्तम चालत होते. तरी गाडी सहा महिने जागेवरच. "इंजिन चालतंय तर हिंडवत का नाहीस?" मी विचारले. "काका, ताकद वाढवली, पण ती चाकापर्यंत नेणार कोण?" तो म्हणाला.

मग त्याने मला खाली वाकून पाहायला लावले. गाडी काटकोनात वळते तेव्हा बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त धावते. दोन चाकांत १.३५ मीटर अंतर असेल तर हा फरक सुमारे २.१ मीटर भरतो, आणि गंमत अशी की वळण लहान असो वा मोठे, फरक तेवढाच. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली तर एकाला फरफटावे लागेल. डिफ्रेन्शल दोघांना आपापल्या चालीने चालू देते. फ्रान्सच्या पेकेर याने १८२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती योजली. तिच्यात एक खोट आहे. एक चाक चिखलात घसरले की तेच गरगर फिरते आणि कोरड्यावरचे चाक ढिम्म उभे राहते. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात हे कोणी पाहिले नाही? म्हणून पुतण्याने नव्या गोळ्यात घर्षणाच्या चकत्या बसवल्या होत्या; एक चाक सुटू लागले की त्या दोघांना थोडे बांधून धरतात.

जुना गोळा 'आर-१८०', नवा 'आर-२००'. हे आकडे आतल्या मोठ्या दातेरी चक्राच्या, म्हणजे क्राउनच्या, मिलिमीटरमधल्या व्यासाचे. पहिल्या गिअरात इंजिनाचा पीळ वाढत वाढत सुमारे बारा पट होऊन या गोळ्यातून बाहेर पडतो आणि दोन आडव्या शाफ्टांत वाटला जातो. शाफ्टचा व्यास दहा टक्के वाढवला की त्याची पीळ सोसण्याची ताकद तेहतीस टक्क्यांनी वाढते. जुन्या शाफ्टांच्या टोकांना क्रॉस होते. क्रॉस कोनात फिरला की एका फेऱ्यात दोनदा हिसका देतो. त्याऐवजी त्याने पोलादी गोळ्यांचे सांधे असलेले नवे शाफ्ट आणले होते. ते कोनातही एकसारखे फिरतात.

"ही गाडी मुळातच कच्ची होती का रे?" मी विचारले. तो दुखावला. १९७१ आणि १९७३ ची पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली याच गाडीने जिंकली आणि १९७३ चा विजेता शेखर मेहता युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाचा, हे त्याने मला ऐकवले. "कच्चं काही नव्हतं, काका. जेवढ्या इंजिनासाठी केलं तेवढ्याला पुरेसं होतं. इंजिन बदललं की मागचं सगळं नव्यानं मोजावं लागतं."

हे वाक्य मला लागले, कारण आम्ही शाळेत बॉनेटच पाहतो. मराठी माध्यमात दहावीला नव्वद टक्के मिळवणारा मुलगा अकरावीला विज्ञान घेतो आणि एका जूनमध्ये सगळे इंग्रजीतून सुरू होते. त्या सांध्यावर किती हुशार मुले तुटताना मी पाहिली! इंजिनात खोट नसते. पुतण्याही तिथेच अडकला होता. तेव्हा शेजारीपाजारी नावे ठेवत असताना दादांनी त्याला एक वर्ष घरी थांबवले, इंग्रजीची शिकवणी लावली आणि त्याच्या गुणांविषयी कोणाशी अवाक्षर काढले नाही. गाडी सहा महिने घोड्यावर ठेवण्याचा धीर या पोरात कुठून आला, हे मला त्या गॅरेजात कळले. चार शब्द सांगायचे राहूनच गेले.

येताना मी जुना क्रॉस मागून घेतला. दादांनी तो बोटांत धरून फिरवला, कानाशी नेला. "ग्रीस मिळालं न्हाई ह्याला. आपल्या रोटाव्हेटरचा असाच गेला." मग थोडे थांबून, "सगळं दणकट केलंय म्हणतोस. मग तुटायला काय ठेवलंय?"

रोटाव्हेटरच्या शाफ्टला एक साधा बोल्ट असतो. पात्यात दगड अडकला की तो तुटतो आणि ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स वाचतो. दादांच्या खिशात असे दोनचार बोल्ट नेहमीच असतात. मला उत्तर येईना. "त्यालाच विचारा," मी म्हणालो.

त्या रात्री दादांनी स्वतःहून फोन लावला. क्लच घसरतो आणि बाकीचे वाचते, असे तिकडून उत्तर आले. पुढे अर्धा तास ग्रीसवर बोलणे चालले होते. दिवाळीचा विषय दादांनी काढलाच नाही. तो शेवटी पुतण्यानेच काढला. या वर्षी जमते का बघतो, म्हणाला.